रविवारची दोन केळी

मु. होळी, वसई
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अल्पेश,

अनेक आशीर्वाद. नाशिकला थंडी सुरू झाली असेल. भाऊबीजेला दिलेला स्वेटर घालतोस की कपाटात ठेवलास? इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईने मागच्या वाफ्यांत वाल पेरलाय आणि कोंबड्यांना दिवसभर शिव्या घालते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी तुला विचारलं, वडील कशाने गेले. तू मला विचारलंस आणि मी लिहिलं, आतड्याला पीळ पडला होता. तसं नव्हतं. बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. कळला तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. बाबांचं वय एक्केचाळीस होतं. तुझ्या डॉक्टरांना हे सांग, आणि पीळ लिहिला असेल तर खोडायला सांग.

आता 'चुकीची' हा शब्दही मला खटकतोय. मला खरं माहीत होतं, आणि पीळ मी समजूनसवरून लिहिला.

फोनवर सांगितलं नाही कारण आई घरातच असते आणि तुझा फोन आला की तिला स्पीकर लागतो. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर पाच मिनिटांत पुसलं असतं. माझे पुसलेले मेसेज बघून तू दोन प्रश्नचिन्हं पाठवतोस, तीही पुसता आली असती तर बरं असं मला वाटतं. कागद एकदा पेटीत पडला की माझ्या हातात राहत नाही.

तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास. रविवारी सकाळी तुला पुढच्या अंगणात खेळायला पाठवायचे, त्यामुळे मागच्या दाराचं तुला फारसं आठवत नसेल. बायजाआजीने ते औषध आईला दिलं, आजीला तिच्या सासूने दिलं होतं. मूळव्याधीवरचं. माणसाने आपली दोन केळी आणायची, रिकाम्या पोटी यायचं आणि मागच्या दारी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आई आतून विचारायची, "आग होते? रक्त जातं? शौचाच्या आधी का मागनं?" माणूस भिंतीलाच उत्तर द्यायचा. मी केळं सोलून उभी चीर द्यायचे, आई मुळीची चिमूटभर पूड भरायची, आणि ते तिथेच खायचं. दुसरं केळं घरी जाऊन. असे तीन रविवार. पैसे घ्यायचे नाहीत. आणि गुण येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. बोललं की औषध उतरतं. नाक्यावरचा केळीवाला तर गिऱ्हाइकाला सरळ विचारायचा, "खायला देऊ की रविवारची?" विरारपासून माणसं यायची. अजून येतात. आज सकाळी सहा जण होते. केळी मीच सोलली.

बाबांना रक्त जायला लागलं तेव्हा आईने त्यांनाही मागच्या दारी उभं केलं. नियम म्हणजे नियम. बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बाई, माझा नंबर लागला का?" आई हसली. मीही हसले. बारा-पंधरा दिवस रक्त थांबलं, मग परत आलं, मग परत केळं. औषध चालू होतं म्हणून ते कुणाशी बोलले नाहीत. पॅन्टच्या पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं तेव्हा आईने विचारलं, तर म्हणाले, भात लावून लावून माणूस सुकणारच.

शेवटी मुंबईच्या इस्पितळात नेलं. तिथले डॉक्टर हिंदीत बोलत होते आणि आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला सांगितलं. वसई स्टेशनवरून रिक्षातून घरी येताना ती म्हणाली, "बाय, पीळ पडला असं सांगायचं. अल्पेशला पन."

मी आईला दोष देत नाही. कार्य आटोपल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी मागच्या दारी चार माणसं केळी घेऊन उभी होती. त्यांना काय सांगणार होती ती? ज्या घरातून औषध घेता त्या घरातला माणूस त्याच दुखण्याने गेला, आणि आम्ही त्याला केळी भरवत बसलो? तिने दार उघडलं. नसतं उघडलं तर दिवसभर घरात एकटीच बसून राहिली असती.

हे सगळं आत्ताच का, असं तू विचारशील. सातिवलीच्या आमच्या ऑफिसात टिफनी आहे, पॅकिंगच्या ऑर्डरी बघते, तुला माहीत आहे ती. तिला रक्त जातं म्हणून तिच्यासोबत मी विरारला मनवेलपाड्यात एका लेडी डॉक्टरांकडे गेले होते. त्या म्हणाल्या, आतड्याचा कॅन्सर हा म्हातारपणाचा रोग राहिलेला नाही, तिशीतली माणसंही येतात. दिवसभर बसून काम, पोटाभोवतीचं वजन, दारू, सिगारेट, पाकिटातलं आणि डब्यातलं मांस, गोड थंड पेयं, जेवणात भाजी-कोंडा कमी, आतड्याला जुनी सूज, यांनी धोका वाढतो. काहींना यातलं काहीच नसतं आणि तरी होतो. आणि घरात कुणाला झाला असेल तर सगळ्यात आधी ते सांगायचं. शरमेने माणसं मूळव्याध समजून वर्ष वर्ष काढतात, म्हणाल्या. बहुतेकांना मूळव्याधच निघते, पण बहुतेकांच्या भरवशावर मी कुणाला न तपासता घरी सोडत नाही, असंही.

म्हणून तुला लिहिलं. टिफनीच्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी अजून व्हायची आहे. ती टाळते आहे. स्वभावाने भित्री आहे.

आईला या पत्राबद्दल काही बोलू नकोस.

तुझी ताई,
रीमा

*

मु. होळी, वसई
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय अल्पेश,

अनेक आशीर्वाद. परवा तुझा फोन ठेवला तेव्हापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

तू म्हणालास, "ताई, पत्र मिळालं."

मी म्हणाले, "बरं."

"बरं काय बरं? अठरा वर्षं लोकांना पीळ सांगतोय मी. हॉस्टेलला टॉवेल पिळून दाखवायचो, असा पडतो म्हणून. इंजिनिअर माणूस!"

मला हसू आलं. आईने स्वयंपाकघरातून डोकं काढून बघितलं म्हणून मी वाडीत केळींपाशी गेले. तू रागावशील याची तयारी करून ठेवली होती, तू टॉवेलचं सांगितलंस. त्याने जास्त लागलं.

मग तू म्हणालास, "डॉक्टरांना सांगितलं मी. ते म्हणाले, वडील एक्केचाळीसचे होते ना, मग मुलांनी दहा वर्षं आधीपासून तपासायचं. माझी अजून चार वर्षं आहेत. पण लगेच विचारलं, मोठं भावंड कुणी आहे का? तू बत्तीसची आहेस ताई. तू केलीस का?"

"मला काय धाड भरलीय?"

"धाड भरली नसली तरी करायची असते म्हणे. तुला काही होत नाही ना?"

"नाही रे."

"आईशप्पथ?"

"शपथा घेत नाही मी, तुला माहीत आहे."

"हो, सतीसावित्री. आणि त्या तुझ्या टिफनीला सांग, नाटकं बंद कर आणि जा म्हणावं."

"सांगते," मी म्हणाले.

अल्पेश, टिफनीला सांगण्यासारखं काही नाही. टिफनी ठणठणीत आहे. मी तिच्यासोबत गेले नव्हते, ती माझ्यासोबत आली होती.

गणपतीच्या आधीपासून मला रक्त जातं. भावाला हे कसं लिहायचं ते मला येत नाही. बघ, अक्षर किती बारीक झालंय. आधी वाटलं उष्णता असेल. मग वाटलं, बसून बसून मूळव्याध झाली असेल, आपल्या घरात काय कमी औषध आहे? आईला सांगायची लाज वाटली. इतकी वर्षं केळी सोलणारी मी, उद्या मागच्या दारी मीच? तेव्हा एका रविवारी सगळे गेल्यावर आई आंघोळीला गेली आणि मी उरलेल्या केळ्यात चिमूट भरली. घरात बघायला कुणी नव्हतं, तरी मागच्या दारी गेले आणि भिंतीकडे तोंड करून खाल्लं. तीन रविवार. नियमाप्रमाणे कुणाशी बोलले नाही.

रक्त थांबलं. मी देवापुढे नारळ ठेवला. पंधरा दिवसांनी परत आलं. बाबांचं असंच झालं होतं हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. आठवलं होतं. मी ते आठवणं बाजूला ठेवलं.

जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा टिफनीने पकडलं. "रीमा, तोंड बघ तुझं आरशात, मैद्याची बोरी वाटतेस," म्हणाली. तिच्याजवळ बोलले. वसईत कुणी ना कुणी भेटणारच, म्हणून मनवेलपाड्याच्या डॉक्टर शोधल्या. होळीतला माणूस मनवेलपाड्यात कशाला येतोय?

दवाखान्यात बाकावर बसतोय तोच शेजारचे काका माझ्याकडे बघून हसायला लागले. "तुम्ही होळीच्या रविवारवाल्या ताईंच्या ना? केळी सोलायला असता. दोन वर्षांपूर्वी आलो होतो, काय गुण आहे हो आईंच्या हाताला! आमची मुलगी ऐकत नाही, ती उगाच इथे घेऊन आलीय." आणि मग साहजिकच, "पण तुम्ही इथे कशा?"

मी म्हणाले, "मैत्रिणीला घेऊन आलेय."

टिफनीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग काकांना म्हणाली, "हो ना अंकल, माझाच प्रॉब्लेम आहे."

"मग हिला आईंकडे का नाही नेलंत?"

"मला केळी आवडत नाय," टिफनी म्हणाली.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने मोठ्याने विचारलं, "पेशंटचं नाव?" काका ऐकत होते. मी टिफनीचं नाव सांगितलं. टिफनीचं वय, टिफनीचा पत्ता. 'टिफनी' अशी हाक आल्यावर दोघी आत गेलो आणि टेबलावर आडवी झाले ती मी. डॉक्टर मला टिफनी म्हणत होत्या. टिफनी खुर्चीत बसून चपलेकडे बघत होती. मला वाटलं होतं, आत गेल्यावर सांगू. पण आधी नावाचं खोटं सांगायचं, मग ते का सांगितलं ते सांगायचं, मग आईचं, मग बाबांचं. सुरुवात कुठून करायची ते कळेना. दर मिनिटाला ते आणखी अवघड होत गेलं.

आणि गंमत ऐक. त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं तर मी एकही गोष्ट लपवली नाही. नऊ तास खुर्चीवर बसते. जेवणानंतर थंड पेयाची बाटली लागते. गेल्या दोन वर्षांत अकरा किलो वाढले. टिफनीकडे नाताळात आणि एरवीही सॉसेज खाते, आईला न सांगता. घरच्या वाडीतली भाजी बाजारात जाते आणि मी ऑफिसात वडापाव खाते. डॉक्टर म्हणाल्या, "एवढं खरं सांगणारा पेशंट मी पहिल्यांदा बघतेय." माझी मान ताठ झाली होती, अल्पेश. खरंच झाली होती.

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर? आई, वडील, भावंडं?"

टिफनीच्या घरात कुणाला नव्हता. मी म्हणाले, "नाही."

त्या एका 'नाही'साठी मी स्वतःला समजावून बघितलं की ते टिफनीबद्दल होतं. मी तशीच आहे, दोन रुपये जास्त आले तर कंडक्टरला परत देणारी. ऑफिसात लोक माझी चेष्टा करतात. आणि जे एकच सांगायला हवं होतं ते मी दुसरीच्या नावाआड ठेवलं.

बोटाने तपासून त्या म्हणाल्या, छोटी मूळव्याध आहे, पण रक्ताचा रिपोर्ट आणा आणि दुर्बीण करून घेऊ. हिमोग्लोबिन आठ आलं, टिफनीच्या नावावर. टिफनी म्हणाली, "माझं साडेबारा आहे, बाई. माझं नाव खराब केलंस." मग जरा वेळाने म्हणाली, "ए, मला काय नाय. पण उद्या तुला आत काय सापडलं तर ते पण माझ्या नावावर ठेवणार का तू?" दुर्बिणीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली होती. मी फोन करून सांगितलं, टिफनी गावाला गेलीय. टिफनीला गाव नाही. ती इथल्याच गिरीजची आहे.

तुला मी भित्री टिफनी लिहिलं. तेव्हापासून ऑफिसात तिच्याकडे सरळ बघता येत नाही. तिला मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, "चल, निदान स्वतःबद्दल काहीतरी खरं लिहिलंस."

काल संध्याकाळी आईला सांगितलं. ती पडवीत बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, "आई, मला रक्त जातं."

तिने वर बघितलं नाही. तोंडातून आपोआप आलं, "शौचाच्या आधी का मागनं?" आणि तिथेच थांबली. मागच्या दारी उभ्या माणसाला विचारते तसंच विचारलं होतं तिने, ते तिचं तिलाच ऐकू आलं. सूप खाली ठेवलं.

"कधीपासनं?"

"गणपतीच्या आधीपासून."

"आनि मला नाही सांगितलंस?"

"बोललं की उतरतं ना," मी म्हणाले. मला टोमणा मारायचा नव्हता. मी तिलाच विचारत होते. पण तो टोमण्यासारखाच बाहेर पडला.

तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना मी तीन रविवार नाही दिलं. सात दिलं. वाटलं, मानूस आपला आहे, जास्त देऊ." आणि पदर तोंडावर घेतला. आईला मी बाबा गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले, पण हात लावायला धजले नाही.

नंतर मी तिला नावाचं सांगितलं. मनवेलपाड्याचं, काकांचं, 'नाही'चं. ती म्हणाली, "मग आता तिथं जाऊन काय सांगशील?" मी म्हणाले, "सगळं. बाबांचंसुद्धा." ती म्हणाली, "तिथं आपल्याला वळखनारी मानसं असतात." मी म्हणाले, "असतात." ती म्हणाली, "परवा रविवारी सहा जन येतील केळी घेऊन. त्यांना काय सांगू मी?" मी म्हणाले, "निदान विचार त्यांना, घरात कुणाला होतं का. आणि रक्त जाणाऱ्याला आधी डॉक्टरकडे पाठव." ती रात्री जेवताना आपणहून म्हणाली, "मी पन येते तुझ्याबरोबर." आवाजात धीर नव्हता. तरी म्हणाली.

आज सकाळी दवाखान्यात फोन केला. त्याच मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?" मी सांगितलं, रीमा हरेश्वर राऊत. "आधी आला होता का?" मी म्हणाले, हो, दुसऱ्या नावाने. ती म्हणाली, "ते मॅडमना तुम्ही सांगा." बरोबरच आहे. तिने का सांगावं?

मला भीती वाटते, अल्पेश. आत काय सापडेल याची वाटते. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती त्या खोलीत जाऊन 'मी टिफनी नाही' म्हणण्याची वाटते. बत्तीस वर्षांच्या बाईला जिवापेक्षा लाज मोठी वाटावी, हेच मला सगळ्यात लाजिरवाणं वाटतं. तुला हे कळलं की तू मला रागावशील. रागाव. पण सुट्टी काढून इथे धावत येऊ नकोस, तू दिसलास तर मी रडत बसेन आणि सांगायचं राहून जाईल. काय निघालं ते मी तुला त्याच दिवशी फोनवर सांगेन, आणि आई शेजारी असली तरी सांगेन.

बुधवारी दिवसभर फक्त पातळ, संध्याकाळी पोट साफ करायचं औषध. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दवाखान्यात. टेबलावर चढण्याच्या आधी डॉक्टरांना बाबांचं सांगायचं. दिवस सहीखाली लिहून ठेवते, म्हणजे तू विचारलंस तर मला फिरवता येणार नाही.

इतके दिवस तुझ्याशी खोटं बोललेली, तुझीच ताई,
रीमा

गुरुवार, २० नोव्हेंबर.